शब्द बदलतो तेव्हा पानात काय होतं

मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या एका लेखासाठी दुरुस्ती छापली. लेखात त्याच वर्तमानपत्राच्या वार्ताहराचं एक वाक्य उद्धृत केलेलं होतं. मूळ वाक्यात उल्लेख होता 'ग्रेट रिसेशन'चा, म्हणजे मोठ्या मंदीचा, पण छापून आला 'कात टाकण्याचा आणि थंड दगडांचा काळ' अशा अर्थाचा शब्दप्रयोग. वार्ताहराने तसं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी हाताने टाइपही केलेलं नव्हतं. संपादनाच्या वेळी वापरल्या गेलेल्या ब्राउझरमध्ये 'मिलेनियल्स टू स्नेक पीपल' नावाचं गमतीचं एक्स्टेंशन बसवलेलं होतं. उघडलेल्या प्रत्येक पानावर ते ठरावीक शब्द हेरतं आणि त्यांच्या जागी आपले शब्द घालतं. वाक्य कॉपी झालं ते या घातलेल्या शब्दांसकट. दुरुस्तीत वर्तमानपत्राने हे सगळं सांगितलं आणि कॉपी-पेस्ट करताना असं एक्स्टेंशन बंद ठेवा, असा सल्लाही दिला.

या घटनेत सर्व्हरवरचं मूळ पान जसंच्या तसं होतं. इतर लाखो वाचकांना त्यावर योग्य शब्दच दिसत होते. बदल झाला तो एका माणसाच्या यंत्रात, ब्राउझरने मेमरीत उभ्या केलेल्या प्रतीत. वेबवरचा मजकूर छापील पानासारखा कागदावर बसलेला नसतो. तो दर वेळी नव्याने मांडला जातो आणि मांडल्यानंतरही स्क्रिप्टच्या हातात राहतो. स्क्रिप्ट तो वाचू शकते, पुसू शकते, अर्धा कापू शकते. हे नेमकं कसं घडतं, त्यात कुठे पाय घसरतो आणि देवनागरीत लिहिलेल्या पानावर काय वेगळं होतं, याची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

पान मेमरीत कसं मांडलं जातं, इथून सुरुवात करावी लागते. समजा, बाजारभावाच्या एका पानावर एक परिच्छेद आहे: 'लासलगावला कांदा २४०० रुपये क्विंटल'. त्यातला '२४००' हा आकडा ठळक दिसावा म्हणून स्ट्राँग टॅगमध्ये घातला आहे. वाचणाऱ्याला ही एक सलग ओळ दिसते. ब्राउझरला मात्र परिच्छेदाची तीन मुलं दिसतात. 'लासलगावला कांदा' एवढा मजकूर धरून ठेवणारा एक टेक्स्ट नोड, मग स्ट्राँग हा घटक, मग 'रुपये क्विंटल' धरणारा दुसरा टेक्स्ट नोड. आकडा या तिघांत नाहीच. तो स्ट्राँगच्या पोटात, स्वतःच्या वेगळ्या टेक्स्ट नोडमध्ये आहे, म्हणजे परिच्छेदाचा नातू. सगळं पान हे असं घराणं असतं आणि त्यात शब्द फक्त टोकाच्या पानांवर, म्हणजे टेक्स्ट नोडमध्ये राहतात. या वंशवृक्षाला डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल म्हणतात. रोजच्या बोलण्यात तो नुसता डॉम.

प्रत्येक नोडला एक नोडटाइप असतो. घटकाचा १, टेक्स्टचा ३, कॉमेंटचा ८, संपूर्ण दस्तऐवजाचा ९. शब्द बदलणारी एक्स्टेंशन्स साधारणपणे हेच करतात: झाडाच्या मुळापासून फांदीफांदीने खाली उतरायचं, नोडटाइप ३ दिसला की थांबायचं, त्याची नोडव्हॅल्यू वाचायची, हवा तो शब्द बदलून परत लिहायची आणि पुढे जायचं. नोडव्हॅल्यू म्हणजे त्या नोडने धरलेली अक्षरं. टेक्स्ट नोडला ती विचारली तर अक्षरं मिळतात. आपल्या परिच्छेदाला विचारली तर नल मिळतं, कारण परिच्छेद स्वतः काहीच धरत नाही, त्याची मुलं धरतात. नवशिक्यांचा पहिला तास बहुधा या नलपाशीच जातो. तो वाया गेला असं मात्र नाही. घटक आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जो एकदा त्या नलमधून शिकतो, त्याला पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात.

हे झाड स्क्रिप्टला पहिल्यापासून खुलं नव्हतं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. तेव्हा स्क्रिप्टला फॉर्ममधल्या रकान्यांची किंमत बदलता येत होती आणि पान उतरत असताना त्यात मजकूर लिहिता येत होता. एकदा मांडून झालेल्या परिच्छेदातला शब्द बदलायचा तर रस्ताच नव्हता. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ आला आणि मायक्रोसॉफ्टने पानातला जवळजवळ प्रत्येक घटक स्क्रिप्टसाठी मोकळा केला. इनरएचटीएमएल आणि इनरटेक्स्ट ही नावं तिथली. नेटस्केप ४ ची वाट निराळी होती, तिथे लेयर नावाची कल्पना होती. एकच काम करणारं पान दोनदा लिहावं लागायचं. १ ऑक्टोबर १९९८ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने डॉमची पहिली पातळी जाहीर केली आणि नोड, नोडव्हॅल्यू, टेक्स्ट या संज्ञांना सर्वमान्य अर्थ मिळाला. टेक्स्टकंटेंट हे नाव मात्र तिसऱ्या पातळीत, २००४ साली आलं.

टेक्स्टकंटेंट घटकाच्या पोटातले सगळे टेक्स्ट नोड क्रमाने जोडून एक सलग ओळ देतं. बाजारभावाच्या परिच्छेदाला ते विचारलं की 'लासलगावला कांदा २४०० रुपये क्विंटल' हे पूर्ण वाक्य हातात येतं. वाचण्यासाठी ते सोयीचं आहे. लिहिताना मात्र ते घर रिकामं करून टाकतं. परिच्छेदाच्या टेक्स्टकंटेंटला नवं वाक्य दिलं की आधीची तिन्ही मुलं जातात आणि त्यांच्या जागी एकच टेक्स्ट नोड येतो. ठळकपणा गेला. स्ट्राँगवर एखादं क्लिक बसवलेलं असेल तर तेही गेलं. फक्त आकडा बदलायचा होता तर फक्त आकड्याच्या नोडला हात लावायला हवा होता. ज्या पानावर भाव दिवसातून अनेकदा बदलतो, तिथे हा फरक वाचकाच्या रोजच्या अनुभवाचा भाग असतो. निवडून ठेवलेला मजकूर अचानक सुटतो, दुवा दाबायला जावं तर तो तिथे नसतो.

इनरटेक्स्टही मजकूरच देतं, पण ते डोळ्यांना काय दिसतं याचा विचार करतं. शैलीपत्रकाने लपवलेली टीप त्यात येत नाही, परिच्छेदांमध्ये नवी ओळ येते, तक्त्यातल्या दोन रकान्यांमध्ये टॅब येतो. टेक्स्टकंटेंट लपवलेलंही देतं आणि घटकाच्या पोटात स्क्रिप्ट किंवा स्टाइल टॅग असेल तर त्याच्या आतलं लेखनही देतं. 'दिसतं ते' सांगण्यासाठी ब्राउझरला आधी पानाची मांडणी हिशेबात घ्यावी लागते, म्हणून हजारो ओळींच्या तक्त्यावर इनरटेक्स्ट फिरवलं तर पान जड होतं. या दोघांची भांडणं बराच काळ चालली. इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंत टेक्स्टकंटेंट नव्हतं, ते २०११ च्या नवव्या आवृत्तीत आलं. फायरफॉक्समध्ये इनरटेक्स्ट नव्हतं, ते मार्च २०१६ च्या ४५ व्या आवृत्तीत आलं. मधली अनेक वर्षं 'हे नसेल तर ते घे' अशी ओळ लिहीतच लोकांनी पानं चालवली. दोन्ही नावं एकाच अर्थाची आहेत हा गैरसमज त्या ओळीनेच रुजवला असावा. तो अजून पुरता गेलेला नाही.

इनरएचटीएमएलचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. ते मजकूर घेत नाही, मजकूर आणि टॅग यांचं मिश्रण घेतं आणि त्याचा अर्थ लावून नवं झाड उभं करतं. एखाद्या वाचकाने प्रतिक्रियेच्या चौकटीत कोनी कंस घालून काही लिहिलं आणि स्क्रिप्टने ते इनरएचटीएमएलला दिलं, तर वाचकाचे शब्द शब्द राहत नाहीत. ते पानाचा भाग होतात. अशा वाटेने आलेला स्क्रिप्ट टॅग ब्राउझर चालवत नाही, पण न सापडणारं चित्र आणि 'चित्र सापडलं नाही तर हे कर' असा हुकूम एकत्र आला की तो हुकूम चालतो.

याची सगळ्यात गाजलेली गोष्ट ऑक्टोबर २००५ मधली. सॅमी कामकर या १९ वर्षांच्या मुलाने मायस्पेस या समाजमाध्यमावरच्या आपल्या ओळखपानात एक स्क्रिप्ट दडवली. जो ते पान उघडेल त्याच्या खात्यातून कामकरला मैत्रीची विनंती जायची आणि तीच स्क्रिप्ट त्याच्याही ओळखपानात उतरायची. मायस्पेसने 'इनरएचटीएमएल' हा शब्दच गाळायची व्यवस्था केली होती. कामकरने तो शब्द दोन तुकड्यांत लिहिला आणि चालवताना जोडून घेतला. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून अधिक खात्यांपर्यंत ती पोचली आणि मायस्पेसला सेवा थांबवावी लागली. त्याच वर्षी सुरक्षा संशोधक अमित क्लाइन यांनी डॉममधूनच घडणाऱ्या अशा हल्ल्यांचं वेगळं वर्गीकरण मांडलं. आज सुरक्षेचं मार्गदर्शन करणारी ओवॅस्प संस्था सांगते, की बाहेरून आलेला मजकूर टेक्स्टकंटेंटनेच पानावर ठेवा, कारण तिथे कोनी कंस हा फक्त कोनी कंस असतो. त्याला अपवाद एवढाच, की तो घटक स्वतः स्क्रिप्ट टॅग नसावा. दुसऱ्याचे शब्द शब्द म्हणूनच वाचकापर्यंत पोचवणं ही पान लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती निवड बहुतेक वेळा एका प्रॉपर्टीच्या नावावर येऊन ठरते.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही भाषेतल्या पानाला लागू आहे. मराठी पानात मात्र या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तो सहसा सापडत नाही.

पुन्हा लासलगावला जाऊ. आकड्याचा नोड वाचला, '२४००' ही अक्षरं मिळाली, त्यात शंभर मिळवायचे आहेत. नोडमधून येते ती अक्षरांची ओळ, संख्या नव्हे. म्हणून बेरजेचं चिन्ह नुसतं वापरलं की २५०० न होता '२४००100' होतं. हे इंग्रजी अंकांतही घडतं आणि उपाय म्हणून ओळीचं संख्येत रूपांतर करायला शिकवतात. पण जावास्क्रिप्टचं हे रूपांतर देवनागरी अंक ओळखत नाही. '२४००' दिलं की उत्तर येतं 'नॅन', म्हणजे ही संख्या नव्हे. त्यातही विसंगती अशी, की हीच भाषा मराठीसाठी संख्या मांडायला सांगितली तर आपण होऊन देवनागरी अंक वापरते आणि लाख-हजाराचे स्वल्पविराम अचूक ठिकाणी देते: १,२३,४५६. लिहिता येतं आणि आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही. म्हणून मराठी पानात हिशेबाची संख्या वेगळ्या चलात किंवा डेटा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावी आणि टेक्स्ट नोड फक्त दाखवण्यासाठी वापरावा. इतर भाषांत हा चांगल्या सवयीचा भाग आहे, मराठीत त्यावाचून चालत नाही.

अक्षरं मोजण्याचा प्रश्न याहून खोल आहे. टेक्स्ट नोडला लांबी विचारता येते, त्याचा तुकडा काढता येतो, स्प्लिटटेक्स्टने तो दुभंगता येतो. हे सगळे हिशेब यूटीएफ-१६ या युनिकोड संकेतनाच्या एककांत होतात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दाची लांबी विचारा, उत्तर ११ येतं. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. पहिलीतलं मूलही या शब्दात चारच अक्षरं मोजेल: ज्ञा, ने, श्व, री. पहिल्या एककानंतर नोड दुभंगला तर एकीकडे 'ज' उरतो आणि दुसरीकडे हलन्ताने सुरू होणारा, उच्चारताच न येणारा तुकडा. एकेक अक्षर उमटत जाणारी शीर्षकं अनेक संकेतस्थळांवर दिसतात. त्यांतली स्क्रिप्ट प्रत्येक एककाला वेगळ्या स्पॅनमध्ये घालते. इंग्रजीत ते सुंदर दिसतं. मराठीत वेलांट्या ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतात आणि जोडाक्षरं सुटी होऊन पडतात.

यावर युनिकोडचा ग्राफीम क्लस्टर हा हिशेब आहे, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर कुठे संपतं त्याचा नियम. जुन्या नियमाने 'ज्ञानेश्वरी'चे ६ तुकडे व्हायचे, कारण काना-मात्रा व्यंजनाला चिकटत पण हलन्तानंतर पुढचं व्यंजन तुटायचं. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम आला आणि जोडाक्षर अखंड राहू लागलं. ११, मग ६, मग ४. मराठी माणसाच्या मोजणीपर्यंत यंत्राला यायला एवढा प्रवास करावा लागला. स्क्रिप्टमध्ये हे तुकडे करून देणारं इंटल सेगमेंटर हे साधन क्रोममध्ये २०२० साली आलं, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये. मराठी मजकूर कापणाऱ्या प्रत्येकाने आधी ते वापरून पाहायला हवं.

शोधायचं म्हटलं तरी अडचण आहेच. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. स्क्रिप्टला ते दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे शब्द बदलणारी स्क्रिप्ट एकाच पानावरचे काही 'दुसऱ्या' बदलते आणि काही सोडून देते. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, ते आपणच करून घ्यावं लागतं.

मराठी वेबच्या इतिहासातही टेक्स्ट नोड बदलण्याचं काम मोठं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आपापल्या फाँटवर चालत. पानाच्या नोडमध्ये असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकृत्या काढायचा. फाँट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी आणि र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल फाँट घरोघरी पोचू लागला, पण आधीची पानं तशीच राहिली. फायरफॉक्ससाठी तेव्हा पद्म नावाचं एक्स्टेंशन होतं, जे अशा पानांतला मजकूर वाचून तिथल्या तिथे युनिकोडमध्ये बदलायचं. नुसती अदलाबदल पुरत नसे. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असे, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. म्हणजे क्रमही फिरवायचा. आणि मधेच ठळक टॅग आल्याने शब्द दोन नोडमध्ये विभागला असेल, तर वेलांटी एका घरात आणि तिचं व्यंजन दुसऱ्या घरात.

आज तेच काम भाषांतराच्या निमित्ताने होतं. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी मे २०१३ मध्ये आली आणि इंग्रजी पान मराठीत वाचणं एका क्लिकवर आलं. क्रोम हे करताना मूळ टेक्स्ट नोड काढून त्या जागी फाँट टॅगमध्ये गुंडाळलेला भाषांतरित मजकूर ठेवतो. रिॲक्टसारख्या लायब्ररीवर बांधलेलं पान आपले नोड आठवणीत धरून असतं. पुढचा भाव किंवा धावसंख्या आली की लायब्ररी ती त्या जुन्या, पानातून बाहेर पडलेल्या नोडमध्ये लिहिते. पडद्यावर काहीच हलत नाही. तो नोड काढून टाकायची वेळ आली तर 'हा या पालकाचा मुलगाच नाही' अशी चूक येते आणि कधीकधी सगळं पान पांढरं पडतं. रिॲक्ट बनवणाऱ्यांकडे ही तक्रार २०१७ पासून नोंदलेली आहे. सतत बदलणारा मजकूर स्वतःच्या स्पॅनमध्ये ठेवणं किंवा त्यावर 'भाषांतर नको' असं ॲट्रिब्यूट लावणं, हे त्यावरचे साधे उपाय. ज्या वाचकाला त्रास होतो तो मराठीत वाचू पाहणारा असतो आणि पान लिहिणाऱ्याला तो सहसा दिसतच नाही.

पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी वाचकाने एक गोष्ट स्वतः करून पाहावी. नेहमीच्या मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ संगणकावर उघडावं, एफ-१२ दाबून कन्सोलमध्ये जावं आणि पानातले नोडटाइप ३ असलेले सगळे नोड एकेक करून छापावेत. त्यांतले कितीतरी नुसते रिकाम्या जागेचे निघतील, दोन टॅगमध्ये कुणीतरी एंटर दाबला होता म्हणून जन्मलेले. मग एखाद्या बातमीचा मथळा शोधावा, तो एकाच नोडमध्ये आहे की तीन तुकड्यांत, ते पाहावं, त्याची लांबी विचारावी आणि बोटांवर अक्षरं मोजून ती त्या आकड्याशेजारी लिहून ठेवावीत.